कमलचं दूध

अमरावती, ता. ५ फेब्रुवारी १९६१

कुंदा,

दोन वर्षं तीन महिने झाले, तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाहीस. तेव्हा मायना, आशीर्वाद, खुशाली हे सगळं गाळतो आणि कामाचं तेवढं लिहितो. तुला मुलगी झाल्याचं मला काल हेमचंद्राकडून कळलं, तेही कोर्टाच्या व्हरांड्यात. तो तारखेसाठी अकोल्याहून आला होता. त्याने मला पेढा दिला, पण तुझा नवरा म्हणून नव्हे, माझा मामेभाऊ म्हणून देतो आहे, असंही स्पष्ट केलं. शेवटी वकील माणूस.

त्याच्याबरोबर एक लहान बाटली पाठवली आहे. आत तांबूस पिवळं पाणी आहे, त्याचं नाव फेरिक क्लोराइड. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते कपाटभर आहे. बाटली देवघरात किंवा फडताळात उंचावर ठेव, कमलच्या हाती लागू देऊ नकोस. मुलीचं ओलं लंगोट घ्यायचं, ओल्या जागी या पाण्याचे दोन थेंब टाकायचे आणि मिनिटभर पाहायचं. डाग पिवळाच राहिला तर ठीक. हिरवा झाला तर मला तार कर.

हे कशासाठी, ते सांगणं भाग आहे. कमल इतर मुलांसारखा वाढला नाही, त्याला काय झालं आहे, याचा उलगडा मला गेल्या वर्षी एका इंग्रजी नियतकालिकात सापडला. हा बीजाचा दोष आहे. एकट्या आईकडून आला तर काही होत नाही, एकट्या बापाकडून आला तरी नाही. दोघांकडून आला तरच मूल असं निपजतं. आपली आई आणि हेमचंद्राचे वडील सख्खी भावंडं. तो दोष आईकडून तुझ्यात आला आणि वामनमामांकडून हेमचंद्रात. भाची सून करून घ्यायची म्हणजे मुलगी घरातल्या घरात राहते, असं म्हणून ही सोयरीक मीच जमवली होती, हे मला आठवतं. दर मुलामागे चारात एक, असा हिशेब पडतो. कमल त्यातला एक. या मुलीचं पाहायचं आहे.

दोष असलेली मुलं घरच्यांपेक्षा गोरी निघतात, केस पिंगट, डोळे घारे. ज्या गोरेपणापायी मामी कमलची रोज दृष्ट काढायच्या, तो हाच. पार्वताबाई त्याचे कपडे तीन तीनदा धुवायच्या, तरी उंदरासारखा वास जायचा नाही, तेही याचंच लक्षण.

दोन वर्षांमागच्या दिवाळीत मी भर पंगतीत म्हणालो की हा मुलगा काही शिकणार नाही आणि तू दुसरं होऊ देऊ नकोस. ते पंगतीत बोलायला नको होतं. बोललो ते मात्र चूक नव्हतं.

चिंतामण


अमरावती, ता. १४ फेब्रुवारी १९६१

कुंदा,

हेमचंद्राचं कार्ड मिळालं. संपूर्ण मजकूर असा: "बारशाच्या दिवशी पाहिलं. पिवळंच राहिलं. नाव अनुपमा ठेवलं. आता हा विषय पुरे." कार्ड त्याच्या अक्षरात असलं तरी शेवटचं वाक्य तुझं आहे, हे मला कळतं.

विषय पुरे करता येत नाही. चूक माझी झाली. परीक्षा लवकर घ्यायला सांगितली. पहिल्या पंधरवड्यात दोष असला तरी डाग पिवळाच राहतो, कारण मूल नुकतंच प्यायला लागलेलं असतं आणि रक्तात साचायला वेळ लागतो. सहा आठवड्यांनी पुन्हा पाहायचं असतं. म्हणजे १० मार्चच्या सुमारास. हे मला आधी ठाऊक होतं. पण मुलगी झाल्याचं कळल्यावर मला धीर धरवला नाही, आणि नेमकी ती ओळ लिहायची राहिली. माझ्यासारख्या माणसाकडून असं व्हायला नको होतं.

दोष कसा काम करतो ते थोडक्यात लिहितो, म्हणजे तुला दुसऱ्यांदा बाटली काढावीशी वाटेल. मेंदूवर एक साल असते, अक्रोडासारखी सुरकुतलेली. बोलणं, ओळखणं, शिकणं सगळं त्या सालीत. तिथल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींच्या मधे अगदी बारीक फट असते आणि एकीचा निरोप दुसरीला रसायनाच्या थेंबातून जातो. हे रसायन तयार करायला लागणारा माल खाण्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातो. या मुलांच्या शरीरात एक माल मोडायची सोय नसते. तो साचत राहतो, आणि मेंदूच्या दारात त्याचीच इतकी गर्दी होते की बाकीच्यांना आत शिरता येत नाही. पेशी असतात, फटी असतात, निरोप मात्र जात नाहीत. पहिल्या वर्षात असं चाललं तर साल नीट घडतच नाही.

म्हणून घाई. आठवडे मोजायचे आहेत, वर्षं नव्हेत.

रमाने हे पत्र वाचून विचारलं, "तुम्ही बहिणीला पत्र लिहिताय की परीक्षेचा निकाल लावताय?" तिलाही तुझी आठवण येते.

चिंतामण


अमरावती, ता. १३ मार्च १९६१

कुंदा,

दहा तारीख गेली. उत्तर नाही. काल हेमचंद्राला ट्रंक कॉल लावला. तो म्हणाला, "ती म्हणते, दादाला कमलमध्ये दोष काढायचा होता, काढून झाला. आता हिच्यात काढायचाय. बाटली मोरीत ओतून टाकली." मग लाइन तुटली.

आता एक गोष्ट लिहितो. ती मी लपवली नसती तर बाटली मोरीत गेली नसती.

जो माल साचतो म्हणून मी लिहिलं, तो कशात असतो ते मी लिहिलं नाही. तो दुधात असतो. डाळीत असतो, दह्यात, पेढ्यात, अंड्यात. पण लहान मुलाच्या बाबतीत मुख्यतः दुधात.

१९५५ साली कमल वर्षाचा झाला तरी बसत नव्हता. तू मला विचारलंस, कारण घरात शिकलेला मी. मी सांगितलं की दुधाने मेंदू वाढतो, याला रोज शेरभर दूध दे, बदाम घालून दे. इथल्या नत्थुजींकडून गाय घेतली आणि गाडीत घालून अकोल्याला पाठवली. नत्थुजी तेव्हा म्हणाले होते, "मास्तर, एवढुशा पोराले एवढं दूध पचन का?" मी त्यांना विज्ञान शिकवलं. तू चांदीचा पेला केलास. तो पीत गेला आणि तुला वाटत गेलं की अजून कमी पडतं आहे. त्याला फिट येऊ लागल्या तेव्हा मी दीड शेर सांगितलं.

मागे लिहिलं की हे गेल्या वर्षी वाचलं. ते खोटं. १९५८ च्या ऑगस्टमध्ये वाचलं. त्या दिवाळीला मी अकोल्याला आलो तेव्हा बाटली माझ्या पिशवीत होती. पहिल्याच सकाळी मागच्या अंगणात कमलच्या ओल्या चड्डीवर थेंब टाकले. अर्ध्या मिनिटात गर्द हिरवं झालं. चड्डी मी विहिरीवर धुतली. पार्वताबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "मामा असा पायजे." मी स्वयंपाकघरात आलो तर तू त्याला पेला देत होतीस. मी तिथेच उभा होतो. तो पेला संपेपर्यंत उभा होतो.

त्या लेखात लिहिलं होतं की तीन वर्षांनंतर दूध तोडून बुद्धी येत नाही. मी तेवढ्याला धरून बसलो. पुढची ओळही तिथेच होती, की फिट कमी होतात, पुरळ जातं, मूल शांत होतं. ती मी तुला सांगितली नाही. रक्ताचा दोष सांगितला की तो कुणा एकाचा राहत नाही. दुधाचा सांगितला असता तर तू गाय कुणी पाठवली ते विचारलं असतंस. म्हणून मी पंगतीत रक्तावर भाषण दिलं, आणि तू मला घराबाहेर काढलंस तेव्हा मला बरंच वाटलं. भांडण झालं की सांगायचं उरत नाही. कमल त्यानंतर आजवर रोज दीड शेर पितो आहे. मला या गोष्टीची लाज वाटते, कुंदा. हे वाक्य कसं लिहायचं म्हणून मी तीन कागद फाडले.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. लंगोटावर ठेव. नवी बाटली उद्या सकाळच्या गाडीने रमा घेऊन येते आहे. तिला दारातून परत पाठवलंस तरी बाटली ठेवून घे.

चिंतामण


अमरावती, ता. १८ मार्च १९६१

कुंदा,

तार मिळाली. "हिरवं" एवढा एकच शब्द. तारमास्तरने दोनदा विचारलं म्हणे, पुढे काही नाही का?

रमा म्हणते की दार तू उघडलंस, तिला चहा दिलास, थेंब स्वतः टाकलेस आणि डागाकडे पाहत बराच वेळ बसून राहिलीस. रडली नाहीस. माझ्याबद्दल काही विचारलं नाहीस.

आता काय करायचं ते. मुंबईच्या ज्या बालरोगतज्ज्ञांशी माझा पत्रव्यवहार आहे, त्यांनी अकोल्यातल्या तुमच्या डॉक्टरांना लिहिलं आहे. ते सांगतील तेच अखेरचं. तुझं दूध निम्म्यावर आणायचं. पूर्ण तोडायचं नाही, पूर्ण तोडलं तर मूल खंगतं, कारण तो माल थोडा लागतोच. दिवसातून किती वेळा अंगावर घ्यायचं ते डॉक्टर वजन पाहून ठरवतील. उरलेली भूक एका पावडरीवर भागवायची. ती विलायतेत डब्यात मिळते, इथे मिळत नाही. पण करण्याची रीत छापलेली आहे: दुधातलं केसीन आम्लात उकळून मोडायचं, कोळशाच्या भुकटीतून गाळायचं, म्हणजे नको तो माल कोळसा धरून ठेवतो. आम्ल मारायचं, जे दोन पदार्थ त्यात कमी पडतात ते वरून घालायचे. हे मला करता येतं. प्रिन्सिपॉलांनी संध्याकाळची प्रयोगशाळा दिली आहे. पहिला घाणा मुंबईला तपासून आला की पाठवतो. त्याला भयंकर वास येतो. रमाने मला अंगणात आंघोळ करायला लावली.

कमलचंही दूध थांबवता आलं तर थांबव.

चिंतामण


अमरावती, ता. ९ जुलै १९६१

कुंदा,

चौथा डबा हेमचंद्राबरोबर दिला आहे. तिसरा तपासणीत नापास झाला म्हणून फेकला, त्यामुळे चार दिवस उशीर झाला. तेवढे दिवस तू मुलीला आरारूट आणि साखरेच्या पाण्यावर ठेवलंस, ते वजनाच्या तक्त्यावर दिसतं आहे. पुन्हा असं होणार नाही, दोन डबे शिलकीत ठेवीन.

हेमचंद्राने घरातलं सांगितलं. मामी तुझ्याशी बोलत नाहीत. शेजारच्या बायका म्हणतात की मुलगी झाली म्हणून दूध तोडलं, मुलगा असता तर असं केलं नसतं. पार्वताबाईंनी तर तोंडावर विचारलं, "बाई, पोरगी हाये म्हनून तिले दूध नाई देऊन राहिले का तुमी? माह्या घरी गरिबीत बी असं नाई केलं कोनी." त्यावर तू म्हणालीस, "पोरगा होता त्याले पोटभर पाजलं, पार्वताबाई. पाहून राहिल्या ना तुमी त्याले." हेमचंद्र हे सांगताना माझ्याकडे पाहत नव्हता. पार्वताबाई त्या दिवसापासून स्वतः पावडर कालवतात आणि नाकाला पदर लावून पाजतात, असंही त्याने सांगितलं.

शेजाऱ्यांना बीज आणि पेशी समजावत बसू नकोस. मी एकदा भर पंगतीत समजावलं होतं.

कमलबद्दल तू काही कळवत नाहीस. त्याचं दूध थांबलं का, हे मी चौथ्यांदा विचारतो आहे.

चिंतामण


अमरावती, ता. २१ नोव्हेंबर १९६२

कुंदा,

तुझ्या अक्षरातलं पाकीट चार वर्षांनी आलं. रमाने ते देवापुढे ठेवलं होतं, मी उचलून वाचलं.

अनू पावणेदोन वर्षांची झाली, धावते, वीसेक शब्द बोलते आणि पार्वताबाई नाक कसं दाबून धरतात त्याची नक्कल करते, हे वाचलं. डॉक्टरांचा तक्ताही पाहिला. मी तो प्रयोगशाळेत उभ्याउभ्या वाचला आणि मग स्टुलावर बसलो. मला अतिशय आनंद झाला आहे. तो कसा दाखवायचा हे मला येत नाही, म्हणून नुसता कळवतो.

पुढचा मजकूर मी तुझाच उतरवतो, म्हणजे मी तो नीट वाचला हे तुला कळेल. "दादा, कमलचं दूध मी तीनदा बंद करून पाहिलं. तो पेला मागतो, नाही दिला की भिंतीवर डोकं आपटतो, रक्त येईपर्यंत. मग मी देते. त्याला आयुष्यात आवडणारी तेवढी एकच गोष्ट आहे. अनूचं दूध मी तोडलं. कमलचं मी तोडणार नाही. तू चालू केलंस, तू येऊन बंद कर. मामींच्या देखत कर. आणि त्याने डोकं आपटलं की तू धर."

डिसेंबरात चाचणी परीक्षा आहेत. पेपर तपासायचे आहेत. शिवाय दोन डबे करून ठेवायचे आहेत, आणि अपरिचित माणसाने एकदम असं करणं मुलाच्या दृष्टीने कितपत योग्य, हे डॉक्टरांना विचारायला हवं.

हे लिहून झाल्यावर परत वाचलं. सगळ्या सबबी आहेत. शनिवारी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरतो.

चिंतामण


अमरावती, ता. ५ डिसेंबर १९६२

कुंदा,

सुखरूप पोचलो. हात सुजला आहे, पण रमाने हळद बांधली आहे. कमलचे दात चांगले आहेत.

तुझ्या घरात मी नऊ दिवस राहिलो आणि तू माझ्याशी अकरा वाक्यं बोललीस. मला तक्रार नाही. पण काही गोष्टी तू दाराआड होतीस म्हणून तुला दिसल्या नसतील, त्या लिहितो.

पहिल्या दिवशी चांदीचा पेला मी मामींच्या हाती दिला आणि सांगितलं की हा आता ट्रंकेत घाला, आणि घालायला मी चार वर्षं उशीर केला. मामी म्हणाल्या, "मेल्या, हे तेव्हाच का नाही बोललास?" मी म्हणालो, भ्यालो. त्या पेला घेऊन आत गेल्या. वामनमामांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही, पण पानही उलटलं नाही.

कमलने डोकं आपटलं. पहिल्या दिवशी नऊ वेळा, दुसऱ्या दिवशी चौदा. मी त्याचं डोकं आणि भिंत यांच्यामध्ये हात ठेवत होतो. तो आठ वर्षांचा आहे आणि ताकदवान आहे. चावला तेव्हा मी हात काढला नाही, कारण काढला असता तर भिंत होती. तिसऱ्या दिवशी त्याने साबुदाण्याची पेज माझ्या अंगावर फेकली, चौथ्या दिवशी थोडी प्याला, पुढे पावडरही त्यात कालवली तरी चालली. मोर्शीच्या संत्र्यांचा रस त्याला आवडतो. पुरळ कमी वाटतं. आठ-नऊ दिवसांवरून निष्कर्ष काढू नये, म्हणून काढत नाही. बुद्धी येणार नाही, हे मी तुला पुन्हा सांगतो, खोटी आशा धरू नकोस.

एक गोष्ट मात्र राहिली. मी रोज सकाळी डॉक्टरांकडे वजनाचा कागद द्यायला जात होतो. परत येऊन कडी वाजवली की दार उघडायचं. कुणी उघडलं ते मी पाहत नव्हतो, सरळ आत जात होतो. सातव्या दिवशी पाहिलं तर दाराशी कमल. चवड्यांवर उभा, हात कडीवर.

मला वाटलं आहाराचा गुण आला. वही काढून तारीखसुद्धा टाकली. पार्वताबाई मागे भांडी घासत होत्या, त्यांना विचारलं, हा कडी कधीपासून काढतो? त्या म्हणाल्या, "दोन सालापासून काढते ना तो. वकीलसाहेब कोर्टातून आले का तोच धावते. त्याले पाय ओळखू येते. तुमाले नव्हतं माहीत?"

नव्हतं. मी त्याचे केस पाहिले, डोळे पाहिले, चड्डी तपासली. त्याला काय येतं, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. वहीतली तारीख खोडली.

पुढच्या शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येतो, आणि त्याच्या पुढच्याही. माझ्यासाठी दार उघडावं असं तुला वाटत नसेल तर उघडू नकोस. कमल उघडेल.

चिंतूदादा